अंगणातली बेरीज : ताराबाई मोडक

महाराष्ट्राबाहेर जाऊन नावारूपास आलेल्या मराठी माणसांची नामावळी आपल्यासारख्या मंडळांच्या व्यासपीठावरून अनेकदा वाचली जाते. तीत ताराबाई मोडक यांचे नाव सहसा येत नाही. कारण उघड आहे. ताराबाई म्हटले की कोसबाडची टेकडी आठवते, आणि कोसबाड तर महाराष्ट्रातच आहे. परंतु ज्या विद्येच्या बळावर त्यांनी ते काम उभे केले, ती विद्या त्या काठेवाडात, भावनगरला, गुजराती मुलांमध्ये बसून शिकल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो.

त्यांच्या सगळ्या कार्याचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. एका अगदी लहान गोष्टीच्या अनुषंगाने त्यांचे जीवन पाहावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे बेरीज. तीन आणि दोन मिळून पाच होतात हे चार वर्षांच्या मुलाला कळते कसे, आणि ते नीट कळण्याची संधी कोणाच्या मुलाला मिळते, या दोन प्रश्नांभोवती ताराबाईंच्या आयुष्याची पन्नास वर्षे फिरली, असे म्हणावयास हरकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना भावनगरला मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्यांना स्वतः शोधावे लागले, आणि त्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबईतील मांडलेला संसार सोडून खेड्यात जावे लागले.

आपल्याकडे अंकगणित शिकविण्याची रीत फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अंक गिरवावयाचे, आणि संध्याकाळी एका सुरात पाढे म्हणावयाचे. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. या रीतीची आज थट्टा करण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. पावकी-निमकी पाठ असलेला वाणी कागदाला हात न लावता हिशेब करी, आणि त्याचा हिशेब चुकत नसे. दोष होता तो वेगळाच. ज्या मुलाला सहा म्हणजे किती हेच अजून उमगलेले नाही, त्यालाही साहा सक छत्तीस म्हणावे लागे. शब्द आधी येत आणि वस्तू मागाहून, किंवा येतच नसत. ज्याची स्मरणशक्ती चांगली तो तरून जाई. ज्याची बेताची, त्याला मार बसे. मुलगी असेल तर तिला बहुधा हे दोन्ही लाभत नसे.

मौज अशी, की त्याच घराच्या ओसरीवर त्याच घरातली मुलगी सागरगोटे खेळत असे. पाच सागरगोटे. एक वर उडवावयाचा आणि तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे चार उचलावयाचे: आधी एकेक करून, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चार ही संख्या ती मुलगी रोज निरनिराळ्या रीतींनी फोडीत व जुळवीत असे. चिंचोके मुठीत धरून एकी की बेकी विचारणारा तिचा भाऊ सम-विषम संख्यांशी खेळत असे. चिंचोक्याच्या फोडी टाकून चल्लस-आठ खेळताना पडलेले दान सोंगटीच्या घरात मिळविले जाई. ती सरळ बेरीजच होती. ओसरीवरचे गणित आणि शाळेतले गणित हे एकाच घरात राहून एकमेकांना ओळखीत नव्हते. ही ओळख करून देणे शक्य आहे, नव्हे आवश्यक आहे, असे मानणाऱ्या थोड्या माणसांत ताराबाई होत्या.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. घरातील वातावरण सुधारकी, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया फारच थोड्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात, १९२१ च्या सुमारास, पतिपत्नी वेगळी झाली. त्या काळात सुशिक्षित, सुधारक घरातील स्त्रीलाही ही गोष्ट किती जड गेली असेल याची कल्पना आज येणे कठीण आहे. या प्रसंगाचे चर्वितचर्वण करण्याचे कारण नाही. पदरी एक लहान मूल आणि हाती एक पदवी, एवढ्या भांडवलावर त्यांनी राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

राजकोटहून भावनगर काही फार दूर नाही. तेथे नानाभाई भट्टांनी स्थापिलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत १ ऑगस्ट १९२० रोजी एक बालमंदिर सुरू झाले होते. ते चालविणारे गृहस्थ म्हणजे गिजुभाई बधेका. मूळचे वकील. वढवाणला वकिली करीत असता त्यांना मुलगा झाला, आणि त्याला कोणत्या शाळेत घालावे या विवंचनेतून ते बालशिक्षणावरील पुस्तके वाचू लागले. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा परिचय त्यांना झाला आणि वकिली मागे पडली. गुजरातेत त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत. आपल्या मुलाच्या शाळेच्या शोधात निघालेला बाप आणि आपल्या मुलीला घेऊन एकटी उभी असलेली आई, अशा दोन पालकांची भेट भावनगरला झाली. १९२३ साली प्राचार्यपद सोडून ताराबाई बालमंदिरात दाखल झाल्या. प्रौढ विद्यार्थिनींना अध्यापनशास्त्र शिकविणारी बाई अडीच-तीन वर्षांच्या मुलांसमवेत जमिनीवर बसू लागली, तेही परक्या भाषेत. आपल्यापैकी जे परप्रांतात नोकरीला आले आणि बाजारातली भाषा मुलांकडून शिकले, त्यांना यातली गंमत आणि यातले कष्ट दोन्ही कळतील.

भावनगरला ताराबाईंनी जे गणित पाहिले ते थोडे तपशिलाने सांगावयास हवे, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर उभी आहे.

माँटेसरीबाईंच्या साहित्यात दहा लाकडी दांड्यांचा एक संच असतो. सर्वांत लहान दांडी दहा सेंटिमीटर, सर्वांत मोठी एक मीटर. प्रत्येकीवर दहा-दहा सेंटिमीटरचे पट्टे, एक तांबडा, एक निळा. मूल प्रथम त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मांडते आणि पट्टे मोजते. मोठी दांडी उचलावयास दोन्ही हात पसरावे लागतात. दहा हा एकाहून केवढा तरी मोठा आहे हे मुलाच्या खांद्यांनाच समजते. मग खेळ पुढे जातो. नवाच्या दांडीपुढे एकाची दांडी ठेवली की ती दहाच्या दांडीएवढी होते. आठापुढे दोनाची, सातापुढे तिनाची, सहापुढे चाराची. अशा चार जोड्या दहाच्या दांडीखाली नीट ओळीने बसतात. पाचाची दांडी तेवढी उरते, तिला जोडीदार मिळत नाही. मग ती दहाच्या दांडीला लावून धरावयाची आणि तिच्या टोकावरून उलटवावयाची. ती बरोबर दुसऱ्या टोकाला जाऊन भिडते. दोन वेळा पाच म्हणजे दहा. या सगळ्यात अधिक चिन्ह कोठेही आलेले नाही, पाटी आलेली नाही, आणि कोणी मोठ्याने काही पढविलेले नाही.

दुसरे साधन चात्यांच्या पेटीचे. दहा कप्पे, त्यांवर शून्यापासून नवापर्यंत अंक, आणि बरोबर पंचेचाळीस चात्या. एकाच्या कप्प्यात एक, दोनाच्या कप्प्यात दोन, असे करीत नवापर्यंत गेले की चात्या संपतात. मध्ये कोठे चूक झाली असेल तर शेवटी एखादी चाती कमी पडते किंवा उरते. बाईंनी चूक दाखवावयाची गरजच नाही. पेटीच ती दाखविते, तीही न रागावता. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. शून्य म्हणजे काय हे पंतोजींना तासभर सांगता आले नसते, ते हा रिकामा कप्पा सांगतो. त्यापुढे सोनेरी मणी: एक सुटा मणी, दहा मण्यांची तार, दहा तारांचा शंभराचा चौरस, दहा चौरसांचा हजाराचा ठोकळा. पाच वर्षांचे मूल हे मणी तबकात घेऊन येते आणि दोन तबके एकत्र ओतते. ओतणे म्हणजेच मिळविणे. दहा सुटे मणी जमले की ते देऊन एक तार घ्यावयाची. ज्याला आपण हातचा घेणे म्हणतो ते हेच. आपल्यापैकी कित्येकांना हातचा हा शब्द माहीत असतो, पण तो हातात कधी पडलेला नसतो.

गिजुभाईंचे वैशिष्ट्य असे, की ते माँटेसरीबाईंचे भक्त असले तरी बंदे नव्हते. बाई परीकथांना फारशा अनुकूल नव्हत्या. गिजुभाईंचे बालमंदिर गोष्टी, गाणी आणि नाट्यप्रयोग यांनी भरलेले असे. पद्धती घ्यावी, पण ती आपल्या मातीत लावावी, हा धडा ताराबाईंनी तेथेच घेतला असावा. दोघांनी मिळून गुजरातीत लहान मुलांसाठी छोट्या छोट्या पुस्तकांची माला संपादित केली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी अनेक वर्षे चालविली. पालकांना बालकांची बाजू समजावून सांगणे हा त्या पत्रिकेचा मुख्य उद्योग होता. मुले मारल्यावाचून शिकत नाहीत असे सर्रास मानणाऱ्या समाजात तो उद्योग चिकाटीचाच म्हणावयास हवा.

सुमारे नऊ वर्षे भावनगरला काढून ताराबाई मुंबईस परतल्या. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी शिक्षिका तयार करण्याची सोय केली. तीन वर्षांनी, २३ जून १९३९ रोजी, गिजुभाई निवर्तले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षी खुद्द माँटेसरीबाई मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे कित्येक वर्षे हिंदुस्थानातच अडकून पडल्या. ठिकठिकाणी त्यांचे वर्ग झाले, शहरोशहरी माँटेसरी शाळांच्या पाट्या लागल्या. दादरचे शिशुविहारही नावारूपाला आले.

आणि नेमके येथेच ताराबाईंचे मन अडले.

माँटेसरीबाईंची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या वस्तीत उघडली होती. ती वस्ती कामकऱ्यांची. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून हुंदडणाऱ्या, भिंती खराब करणाऱ्या मुलांना सांभाळावयास जागा हवी, म्हणून ती शाळा निघाली. म्हणजे ही सारी पद्धती जन्मली गरिबाच्या घरी. परंतु चांगल्या मुरलेल्या लाकडाच्या, मापात काटेकोर अशा दांड्या, मण्यांचे ठोकळे, रंगाच्या पट्ट्या, बसक्या टेबलखुर्च्या यांचा खर्च कोणास झेपणार? बाईंचा स्वतःचा कटाक्ष असा, की साहित्य ठरीव मापाचेच असावे आणि शिक्षिका रीतसर तयार झालेलीच असावी. त्या कटाक्षाला कारण होते. दांडी मापात नसेल तर नवाला एक जोडून दहा होणारच नाही. पण त्याचा परिणाम असा झाला, की पंचवीस-तीस वर्षांत गरिबाघरची लेक श्रीमंतांकडे नांदावयास गेली. गांधीजी ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनला माँटेसरीबाईंच्या प्रशिक्षणवर्गात बोलले, तेव्हा असे शिक्षण केवळ सुखवस्तू मुलांना न मिळता दरिद्री मुलांपर्यंतही पोहोचावे अशी आशा त्यांनी प्रकट केली होती. आशा सर्वांनाच होती. प्रश्न होता तो दांड्यांच्या किमतीचा.

१९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणाला वाहून घेतलेले लोक आधीपासून काम करीत होते. त्याच वर्षी जवळपासच्या टापूत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील दारिद्र्य कोणत्या जातीचे होते याची अटकळ बांधता येईल. याच सुमारास त्यांना अनुताई वाघ भेटल्या. मोरगावच्या, बालपणीच विधवा झालेल्या, शिक्षिकेचा पेशा पत्करलेल्या अनुताई त्या वेळी पस्तिशीच्या होत्या. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि मग आयुष्यभर तेथल्याच झाल्या.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. सवर्णांची मुले आली. हरिजन वस्तीतली येत नव्हती. कोणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे, कोणाला अंगावर कपडा नाही म्हणून लाज, कोणाच्या आईला शाळा ही आपली जागा वाटत नव्हती. बहुतेक संस्था अशा वेळी हजेरीपट बंद करून लोकांच्या अज्ञानाला दोष देतात. ताराबाई-अनुतार्इंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, सारवलेल्या जमिनीवर बालवाडी भरू लागली. मुलांना आधी आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. शब्द किती साधा! तो त्या अंगणातच जन्मला.

परंतु अंगणात दांड्यांचा संच कोठून येणार? भावनगरला शिकलेल्या विद्येची खरी परीक्षा येथे होती. ताराबाईंनी विचार असा केला, की दांडीत जे तत्त्व आहे ते लाकडाचे नाही. मुलाच्या हाताला वस्तू लागावी, ती वस्तू सुटी असावी, जुळविता यावी, वेगळी करता यावी, आणि चूक झाली तर ती वस्तूनेच दाखवावी, एवढे साधले की काम होते. मग बिया, शंखशिंपले, खडे, काटक्या, पाने, फुले हेच साहित्य झाले. समुद्र उशाला आणि रान पायथ्याशी. शिंपल्यांना आणि बियांना तोटा नव्हता.

अशा वस्तूंनी मूल बेरीज कसे शिकते, हे घरोघरी पाहता येण्यासारखे आहे. तीन वर्षांच्या मुलापुढे चार चिंचोके ठेवले तर ते प्रथम बोट ठेवून मोजते, आणि बरेचदा एकच चिंचोका दोनदा मोजते. उचलून वाटीत टाकीत मोजू दिले की ही चूक आपोआप जाते. पुढची पायरी अशी: वाटीत तीन टाकले, मग आणखी दोन टाकले, किती झाले? मूल सारे बाहेर ओतते आणि पहिल्यापासून एक, दोन, तीन, चार, पाच असे मोजते. पालकांना येथे घाई होते. तीन तर तुला माहीतच आहेत, पुढचे मोज, असे ते सांगतात. सांगू नये. काही महिने मूल पहिल्यापासूनच मोजीत राहील. मग एके दिवशी वाटीवर पालथा हात ठेवील, तीन असे म्हणील, आणि बाहेरचे दोन पुढे जोडील: चार, पाच. वाटीतले न पाहता मोजले, म्हणजे संख्या डोळ्यांसमोरून मनात गेली. याच्याही पुढे कधीतरी तीन आणि दोन म्हणताच पाच हे उत्तर मोजल्यावाचून येईल. मग खुशाल पाढे म्हणवून घ्यावेत. त्या वेळी ते गोड लागतात.

यात काही गमावलेही जाते, ते मान्य केले पाहिजे. शिंपल्यांना लांबी नसते. दांड्यांच्या जिन्यात पाच आणि सहा यांच्यातली वाढ डोळ्यांना जशी सरळ दिसते तशी शिंपल्यांच्या ढिगात दिसत नाही. ते शिंपले ओळीने मांडावे लागतात, आणि मांडणारी शिक्षिका डोळस असावी लागते. लाकडी साहित्याची काटेकोर मापे शिक्षिकेची उणीव थोडीफार झाकतात. बिया काहीच झाकत नाहीत. म्हणून ताराबाईंचा सगळा भर सेविका तयार करण्यावर राहिला. स्वस्त साहित्य म्हणजे स्वस्त शिक्षण, असा समज पुढे पुष्कळांनी करून घेतला. तो ताराबाईंचा नव्हता. उलट पंचेचाळीस बिया मोजून दहा खळग्यांपुढे ठेवल्या तर चात्यांची पेटी अंगणात उतरते. मात्र त्या पंचेचाळीसच आहेत हे आदल्या संध्याकाळी पाहणारे कोणी तरी असावे लागते.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता मुले वारल्यांची. त्यांची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी, तेव्हा मराठी बाईंनाही पुन्हा एकदा भाषा शिकणे आले. तेथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून शेजारीच शिकू शकेल. जी मुले गुरे राखावयास जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, आणि कुरणशाळा निघाली. अंगणवाडीमागचा विचारच येथे गुरांमागे टेकडीवर गेला. गुरे वळणाऱ्या मुलाला मोजणी काही अगदीच अनोळखी नसते. सकाळी नेलेली जनावरे सायंकाळी पुरी भरली पाहिजेत, हा त्याचा रोजचा हिशेब. खेडोपाडी विसांनी मोजणाऱ्या, आंबे पाचुंद्यांनी मोजणाऱ्या आईबापांच्या घरातही गणित होतेच. शाळेने त्या गणिताला ओळख दाखवावयाची होती.

येथे आपल्या घरांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपली मुले हिंदीत, बंगालीत, तेलुगूत किंवा इंग्रजीत मोजतात, एकोणतीस म्हटले की गोंधळतात, आणि आपण हळहळतो. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. त्या शब्दातच एक वजाबाकी लपलेली आहे. हा शब्द पाठ करून घेण्याने रुचत नाही. पण सुट्टीच्या दुपारी आजीने मराठीत मोजीत चिंचोके मांडले, किंवा दोन पाहुणे वाढले म्हणून चारांच्या पंगतीला किती ताटे लागतील असे सहज विचारले, तर तो शब्द खेळाबरोबर येतो. भावनगरला ताराबाई गुजरातीतून शिकवीत होत्या आणि कोसबाडला वारल्यांची बोली ऐकत होत्या. दोन्हीकडे मूल ज्या शब्दांनी घरी मोजते त्याच शब्दांपासून त्यांनी आरंभ केला.

मुंबई विधिमंडळाच्या त्या काही वर्षे सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मानसन्मानांनी त्यांच्या दिनक्रमात फरक पडला असे दिसत नाही. सत्तरी उलटल्यावरही कोसबाडशी त्यांचा संबंध सुटला नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वय एक्याऐंशी वर्षांचे होते. ३१ ऑगस्ट हा माँटेसरीबाईंचा जन्मदिवस.

पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी तेहतीस गट घेतले, आणि गावोगावच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. आज अशी तेरा-चौदा लाख केंद्रे देशभर आहेत. त्यांतील पुष्कळांमध्ये पोषण आहार आणि नोंदवह्या यांतच सेविकेचा दिवस सरतो, बियांना आणि शिंपल्यांना वेळ उरत नाही, ही खंत कोसबाडचे नाव घेताना मनात येतेच. अनुतार्इंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ते काम पुढे नेले आणि त्याची हकीकत कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात लिहून ठेवली. ते पुस्तक मिळाल्यास अवश्य वाचावे.

आपण ज्या ज्या प्रांतांत पांगलो आहोत तेथे ही पाटी कोठे ना कोठे दिसते. कटकच्या वाटेवर ती ओडिया लिपीत असते, कोची-त्रिचूरकडे मल्याळम लिपीत, बर्दवानकडे बंगालीत. तिच्यावरून नजर फिरविताना आपल्याला ती त्या त्या भाषेचीच वाटते. शब्द मात्र बोर्डीच्या हरिजन वस्तीतल्या एका सारवलेल्या अंगणातून आलेला आहे.